रेफर टू ड्रॉवर

खोटं बोलण्याचे प्रकार जगात पुष्कळ आहेत. पण त्यांतला सर्वांत सभ्य प्रकार म्हणजे थोडंसं खरं बोलून गप्प बसणं. हा प्रकार लग्नं जुळवणाऱ्या मध्यस्थांना, घरं विकणाऱ्या एजंटांना आणि बँकांना फार पूर्वीपासून अवगत आहे. मध्यस्थ सांगतो, "मुलगा परदेशात असतो." (कुठल्या देशात आणि कशापायी, ते विचारायचं नसतं.) एजंट सांगतो, "स्टेशनपासून पाच मिनिटं." (कशानं, ते तो सांगत नाही.) आणि बँक चेक परत करते तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर लिहिते, 'रेफर टू ड्रॉवर'. म्हणजे, बाबा रे, ज्यानं चेक लिहिला त्यालाच जाऊन विचार. त्याच्या खात्यात खडखडाट आहे हे उघड सांगणं अप्रशस्त, म्हणून साहेबाच्या देशात काढलेली ही पळवाट. माझ्या खिडकीशी एकदा कांदे-बटाट्याच्या एका व्यापाऱ्यानं ही चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "साहेब, कोणच्या टेबलाचा ड्रॉवर?"

तरीही मी म्हणेन, बँक परवडली. परत आलेल्या चेकच्या चिठ्ठीवर निदान कारणांची यादी तरी असते. सही जुळत नाही, तारीख उलटून गेली, अक्षरी आणि आकडी रक्कम वेगवेगळी आहे... एकावर खूण केली की माणसाला कळतं, नेमकं कुठं घोडं अडलं. कॉम्प्युटर मात्र दारात उभ्या असलेल्या माणसाला एकच वाक्य ऐकवतो : 'पासवर्ड चुकीचा आहे.' या वाक्याविरुद्ध माझी तक्रार आहे. बँकेत वीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. ही माझी स्वतःची पहिलीच, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

गॅसचं बुकिंग, विजेचं बिल आणि मुलांची शाळा यांच्यासाठी जे किरकोळ पासवर्ड लागतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते विसरण्यासाठीच असतात, आणि 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबून आपण सगळेच अधूनमधून पुनर्जन्म घेत असतो. मी बोलतोय तो सगळ्या पासवर्डांच्या बापाबद्दल. डेटाबेसच्या सर्वाधिकाऱ्याच्या पासवर्डाबद्दल.

डेटाबेस म्हणजे लेजरांचं कपाट. फरक इतकाच, की हे कपाट दिसत नाही, त्यामुळे त्यावर जेवणाचा डबा ठेवता येत नाही. या कपाटाला एक सर्वाधिकारी असतो. प्रत्येक घराण्यानं त्याचं बारसं वेगळं केलंय. ऑरॅकलमध्ये त्याला 'सिस' म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये 'रूट', मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसए' आणि पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात त्याचं नाव चक्क 'पोस्टग्रेस'. गावाच्या नावावरूनच पाटलाचं नाव ठेवावं, तसं. नाव काही असो, अधिकार एकच. हा गृहस्थ कुठलंही पान वाचू शकतो, खोडू शकतो, फाडू शकतो. दुसऱ्याला किल्ली देऊ शकतो आणि लहर फिरली तर काढूनही घेऊ शकतो. आमच्या मॅनेजरसाहेबांना खोलीतला पंखा बदलायचा असला तरी वरच्या ऑफिसची मंजुरी लागते. या सर्वाधिकाऱ्याला कोणाचीच लागत नाही.

अशा माणसाचा पासवर्ड चालेनासा झाला म्हणजे काय होतं, ते मी २०२३ सालच्या मार्चअखेर पाहिलं.

आमच्या बँकेतल्या नोकरांची एक पतसंस्था आहे. मी तिच्या कमिटीवर आहे. एका वार्षिक सभेला पोचायला मला उशीर झाला आणि तोवर मी निवडून आलो होतो. संस्थेचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक कॉम्प्युटर आणि ताई. ताई म्हणजे संस्थेच्या एकुलत्या एक कारकून. त्यांच्या हिशेबात आजवर एक रुपया कमी भरला नाही. एकदा जास्त भरला होता, तर त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. संस्थेचं सॉफ्टवेअर एका हुशार मुलानं बनवून दिलं होतं, आणि हुशार असल्यामुळे तो पुढे बंगळूरला निघून गेला. जाताना त्यानं पोस्टग्रेस या सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून ताईंच्या हवाली केला. ताई रोज सकाळी तो टाकून कारभार सुरू करीत. सगळं सॉफ्टवेअर त्या एकाच नावानं चाले. म्हणजे दुकानाचं शटर, गल्ला आणि तिजोरी या तिन्हींना किल्ली एकच.

३० मार्चला, गुरुवारी, रामनवमीची सुट्टी होती. ३१ला, म्हणजे ज्या दिवशी बँकेतला माणूस सख्ख्या भावाचं लग्न असलं तरी रजा मागत नाही त्या दिवशी, ताईंनी नेहमीप्रमाणे पासवर्ड टाकला आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं : 'फेटल : पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर यूजर पोस्टग्रेस.'

'फेटल' हा शब्द आमच्या अध्यक्षांनी तोवर फक्त अपघाताच्या बातम्यांत वाचला होता. ते मटकन खुर्चीत बसले.

पुढे दिवसभर जे चाललं त्याला तांत्रिक भाषेत 'ट्रबलशूटिंग' म्हणतात. त्यातलं ट्रबल आमच्याकडे मुबलक होतं. शूटिंग कोणाचं झालं ते पुढे येईलच. देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीचा माणूस फोनवरून म्हणाला, "कॅप्स लॉक बघा." बघितला, बंद होता. "कीबोर्ड मराठीत गेलाय का बघा." आता टाकलेलं अक्षर तर दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण इंग्रजी लिहितोय, मराठी लिहितोय की मोडी, हे कळायला मार्ग नसतो. कोणी तरी तोड काढली, की पासवर्ड आधी नोटपॅडवर टाईप करून डोळ्यांनी पाहायचा. पाहिला. इतक्या मोठ्या अक्षरांत पाहिला, की दारातल्या चहावाल्यालाही तो पाठ झाला. कागदाबरहुकूम होता. मग 'कागदावरचं ते शून्य आहे की ओ?' या मुद्द्यावर कमिटीत मतदान झालं. शून्याला चार मतं, ओला तीन. दोन्ही उमेदवार पडले. फोनवरचा म्हणाला, "मास्टर पासवर्ड टाका." आता हा कोण? तर पीजीॲडमिन म्हणून जे खिडकीवजा सॉफ्टवेअर असतं, ते स्वतःचा एक निराळा पासवर्ड मागतं. विंडोजचा एक, पीजीॲडमिनचा एक, पोस्टग्रेसचा एक. आम्ही तिघांचे तीन पासवर्ड तिघांनाही आलटून पालटून देऊन पाहिले. शेवटी फोनवरच्यानं निर्वाणीचं सांगितलं, "सगळं काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा." घराची किल्ली सापडत नसेल तर घर पाडा, अशा जातीचा हा सल्ला. सुदैवानं इन्स्टॉल कसं करतात हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून संस्थेचे हिशेब वाचले.

आणि मग कमिटीतल्या एका विचारवंतानं तर्क मांडला. कागदावरचा पासवर्ड बरोबर आहे. बुधवारी तो चालत होता. शुक्रवारी चालत नाही. अर्थ उघड आहे : गुरुवारी कोणी तरी तो बदलला. खोलीची किल्ली कोणाकडे? ताईंकडे. रामनवमीला ताई ऑफिसात आल्या होत्या का? आल्या होत्या. मार्चअखेरची व्हाउचरं लावून ठेवायला, दोन तास, बिनपगारी. त्यांनी ते स्वतःच सांगितलं. यंत्र तर खोटं बोलत नाही, म्हणजे उरलं कोण? संध्याकाळी ताईंच्या हातात पत्र पडलं : 'दि. ३० मार्च रोजी सुट्टी असताना आपण कार्यालयात कोणत्या कारणास्तव उपस्थित होता व संगणकात कोणते फेरफार केले, याचा लेखी खुलासा चोवीस तासांचे आत करावा.' पत्र हातानं लिहिलेलं होतं, कारण संस्थेची सगळी पत्रं ताईच टाईप करीत.

ताईंनी ते वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि निमूटपणे त्या दिवशीच्या पावत्या लावायला घेतल्या. बाहेर बाकावर आमच्या शाखेतला एक शिपाई बसून होता. त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. तातडीचं कर्ज मंजूर झालं होतं. पण त्याची आधीची बाकी किती, हे कपाटात, आणि कपाट बंद. आम्ही चौघांनी खिशातून काढून त्याची सोय केली. त्या व्यवहाराला पासवर्ड लागला नाही.

हा गुंता सोडवला दोन माणसांनी, सोमवारी, ३ एप्रिलला. एक अण्णा. बँकेतून हेडकॅशिअर म्हणून निवृत्त झालेले, कॉम्प्युटरला अजूनही 'मशीन' म्हणणारे. दुसरी शाखेत नव्यानं लागलेली एक मुलगी. ती बी. ई. कॉम्प्युटर आहे. हल्ली कारकुनाच्या परीक्षेला इंजिनियर बसतात, आणि पास झाले की आम्ही त्यांना पासबुकं छापायला बसवतो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खिडकीबाहेरच्याला मशीन कारण सांगत नाही, ते ठीक. आम्हीही सगळं सांगत नव्हतो. पण आत कुठं तरी लिहून ठेवत असेल ना? त्याची रोजकीर्द कुठाय?"

"आहे ना, आजोबा," ती मुलगी म्हणाली, "त्याला लॉग म्हणतात."

"मग चार दिवस ती कोणी उघडली का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर कमिटीनं अद्याप दिलेलं नाही.

तिनं लॉगची फाईल उघडली. ३१ तारीख, सकाळची वेळ, तेच 'फेटल'चं वाक्य. आणि त्याच्या खालच्या ओळीत, 'डिटेल' असा शब्द घालून, स्वच्छ लिहिलं होतं, की पोस्टग्रेस या यूजरच्या पासवर्डाची मुदत संपली आहे. पासवर्ड बरोबरच होता! कोणी बदलला नव्हता, कोणी विसरलं नव्हतं, शून्य ते शून्यच होतं. नुसती मुदत संपली होती.

ही मुदत आली कुठून? तर आदल्या वर्षीच्या ऑडिटमध्ये शेरा होता : 'सर्वाधिकाऱ्याच्या पासवर्डास मुदत असावी.' शेरा आला की त्याची पूर्तता आलीच. त्या हुशार मुलानं जाण्यापूर्वी 'व्हॅलिड अंटिल' म्हणून ३१ मार्च २०२३ ही तारीख घालून ठेवली आणि पूर्तता केली. आता गंमत पाहा. आपल्या धंद्यात '३१ मार्चपर्यंत' याचा अर्थ ३१ तारखेचं शेवटचं व्हाउचर पडेपर्यंत. मग भले घड्याळात एप्रिल का उजाडेना. पण या यंत्राला वेळ न सांगता नुसती तारीख दिली, की ते त्या तारखेची सुरुवात धरतं, म्हणजे ३० आणि ३१च्या मधली मध्यरात्र. रामजन्म दुपारी बाराला झाला आणि त्याच रात्री बाराला आमचा पासवर्ड वारला.

पुढचं काम पाच मिनिटांचं होतं आणि मला सर्वांत जास्त घाबरवलं ते त्या पाच मिनिटांनीच. तिनं आधी नेटवर्कची वायर उपटून ठेवली. मग 'पीजी-एचबीए' नावाची एक साधी मजकुराची फाईल उघडली. कोण, कुठून आला तर त्याला काय विचारायचं, याचे नियम त्या फाईलमध्ये ओळीनं लिहिलेले असतात. यंत्र वरून खाली वाचत येतं आणि जी ओळ पहिली लागू पडेल तीच धरतं. त्या ओळीत नापास झाला तर खालच्या ओळीत वशिला लावता येत नाही. तिनं त्या फाईलची एक नक्कल बाजूला ठेवली. याच यंत्रावर बसलेल्या माणसाला जी ओळ लागू होती, तिच्यातला पासवर्ड विचारण्याचा शब्द खोडून तिथे लिहिलं 'ट्रस्ट'. म्हणजे विश्वास. सर्व्हरला फाईल पुन्हा वाचायला लावली आणि पासवर्ड न देता ती आत गेली! एका ओळीच्या हुकमानं मुदत 'इन्फिनिटी', म्हणजे अनंत, केली. बाहेर येऊन 'ट्रस्ट' खोडला, जुना शब्द जागच्या जागी घातला, फाईल पुन्हा वाचायला लावली. ताईंनी तोच जुना पासवर्ड टाकला. कपाट उघडलं. मग वायर लावली.

अध्यक्षांनी घाम पुसला आणि त्यांना शंका आली. "म्हणजे हे पासवर्डाशिवायही उघडतं?"

"हो सर. या खोलीत बसून ही फाईल ज्याला बदलता येते, त्याला उघडतं."

"आणि खोलीची किल्ली...?"

ती कालनिर्णयच्या मागच्या खिळ्याला होती. ताईंकडे दुसरी, ही सर्वांसाठी.

झालेली गोष्ट एवढीच. यावर आता माझं म्हणणं.

पहिलं म्हणणं त्या वाक्याबद्दल. बाहेरच्याला कारण सांगायचं नाही, यात शहाणपण आहे हे मला मान्य आहे. 'नाव बरोबर आहे हो, फक्त पासवर्ड चुकला' असं सांगितलं तर चोराचं निम्मं काम यंत्रानंच करून दिलं. पण ज्यानं पासवर्ड बरोबर दिला, तो चोर कसा? ऑरॅकलचं पाहा. नाव किंवा पासवर्ड चुकला तर त्याचा एरर नंबर १०१७, खात्याला कुलूप घातलं असेल तर २८०००, आणि पासवर्ड बरोबर असून मुदत संपली असेल तर २८००१. परत आलेल्या चेकच्या चिठ्ठीसारखी कारणवार मांडणी. म्हणजे सांगता येतं! न सांगणं हा यंत्राचा नाइलाज नाही. कोणी तरी माणसानं ते तसं ठरवलेलं असतं. बरं, ठरवा. पण मग आतल्या वहीत जे लिहिलंय ते आधी वाचा. कॅप्स लॉक, कीबोर्ड, मतदान आणि खुलाशाचं पत्र हे सगळं त्यानंतर. फोनवरच्या माणसाच्या तोंडी पहिला शब्द 'कॅप्स लॉक' नव्हे, 'लॉग' पाहिजे होता. पण कॅप्स लॉकचा दोष समोरच्या माणसाकडे जातो, आणि लॉग उघडला तर तो कोणाकडे जाईल याचा नेम नसतो.

दुसरं म्हणणं मुदतीबद्दल. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक शिवी देताना छापतात तसलं चिन्ह असावं, हे ब्रह्मवाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. या वाक्याला जगभर पोचवणाऱ्यांत अमेरिकेच्या प्रमाण ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, म्हणजे निस्टचं, २००३ सालचं एक टिपण प्रमुख होतं. ते लिहिणारे गृहस्थ बिल बर. २०१७ साली, निवृत्त झाल्यावर, त्यांनी वर्तमानपत्राला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता आपल्याला पस्तावा होतो. त्याच वर्षी निस्टनंही मत बदललं : उगाच ठरावीक काळानं पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र जरूर लावा. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली. तिकडे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्येच मुदत संपलेले खरे पासवर्ड तपासून दाखवलं होतं, की जुना पासवर्ड हाती असला तर १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येतो. त्यासाठी संशोधक कशाला हवेत? आमच्या शाखेत येऊन बसावं. गेल्या तिमाहीत 'गणपती १' होता, या तिमाहीत 'गणपती २' आहे. लंबोदरसुद्धा इतका वाढला नव्हता.

माणूस म्हणजे काही दुधाची पिशवी नाही, की तारीख उलटली म्हणजे नासला. बरोबर असलेला पासवर्ड एका रात्रीत चूक कसा होतो? कोणाला कळला असेल तर तो त्याच क्षणी बदला. ३१ मार्चची वाट कशाला पाहता? आणि कोणाला कळला नसेल तर बदलता कशासाठी? पण मुदत घातली की ऑडिटच्या शेऱ्यासमोर 'पूर्तता केली' असं लिहिता येतं. सुरक्षितता दिसत नाही, पूर्तता दिसते. म्हणून जो तो पूर्तता करतो.

तिसरं म्हणणं किल्लीबद्दल, आणि हे मी बँकेचा माणूस म्हणून बोलतोय. पासवर्डाचं सगळं पोथीपुराण बाहेरच्या चोरासाठी असतं; आतला माणूस मात्र ट्रस्टवर. ही सोय एकट्या पोस्टग्रेसची नाही. ऑरॅकलच्या सर्व्हरवर बसलेला अधिकृत गटातला माणूस पासवर्ड न देता 'सिस'डीबीए होऊ शकतो, आणि मायएसक्यूएल तर परवान्यांचे तक्ते बाजूला ठेवून सुरू करता येतो. कधी तरी किल्ली हरवणारच, तेव्हा अशी मागची वाट लागते. त्याबद्दल तक्रार नाही. पासवर्डाचा इतिहासच असा आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनी एकाच कॉम्प्युटरवर अनेकांनी काम करण्याची व्यवस्था केली आणि तिला पासवर्ड आले. १९६२मध्ये तिथल्याच ॲलन शेअर या विद्यार्थ्यानं, वाट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून, यंत्राला पासवर्डांची फाईलच छापून द्यायला सांगितली. यंत्रानं ती दिली! १९६६ साली तर दोन फायलींची अदलाबदल होऊन, आत येणाऱ्या प्रत्येकाला सुविचाराऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसले. म्हणजे हे कुलूप जन्मापासून आतल्या बाजूनं उघडत आलंय.

मग आतल्या बाजूचं काय करायचं? ते आम्ही बँकवाले कॉम्प्युटर येण्यापूर्वीपासून करतोय. स्ट्राँगरूमला किल्ल्या दोन असतात. एक कॅशिअरकडे, एक ऑफिसरकडे. एकट्यानं उघडत नाही. कॅशिअर रजेवर गेला तर किल्ली सही करून दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि रजिस्टरात नोंद होते. डुप्लिकेट संच सीलबंद होऊन दुसरीकडे जमा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, काउंटरवरच्या कारकुनाला दिवसाच्या कामासाठी कोणी स्ट्राँगरूमची किल्ली देत नाही. त्याला त्याचा गल्ला, त्याची किल्ली. हे सगळं शोधून काढणारे लोक इंजिनियर नव्हते. माणूस सज्जन असतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि सज्जनावर आळ येऊ नये म्हणूनच ही व्यवस्था असते हेही ठाऊक होतं. दोन किल्ल्या चोराला अडवण्यासाठी असतातच. पण त्याहीपेक्षा त्या कॅशिअरला रात्री झोप लागावी म्हणून असतात. ताईंना आम्ही एकच किल्ली दिली, तिच्यावर मुदत घातली, मुदतीची खबर दिली नाही, आणि ती चालेनाशी झाल्यावर त्यांनाच विचारलं, 'तुम्ही काय केलंत?'

पत्र मागे घेतलं गेलं. 'सदर पत्र मागे घेण्यात येत आहे' एवढीच ओळ आली. का, ते लिहिलेलं नाही. दिलगिरी तर नाहीच. कॉम्प्युटर हे वळण कोणाकडून शिकला, असं मला अधूनमधून वाटतं, ते अशी पत्रं पाहून. ताईंनी दुसरं पत्र पहिल्या पत्रालाच टाचणी लावून ठेवून दिलं. हल्ली त्या सुट्टीच्या दिवशी ऑफिसात येत नाहीत. व्हाउचरं मागे पडतात. पडू देत.

पुढच्या सभेत मी चार ठराव मांडले. रोजचं सॉफ्टवेअर बेताच्या अधिकाराच्या वेगळ्या नावानं चालावं आणि सर्वाधिकाऱ्यानं सणासुदीलाच बाहेर यावं. त्याचा पासवर्ड चांगला लांबलचक असावा, दोघांच्या सह्यांनी सीलबंद असावा, पाकीट उघडलं की रजिस्टरात नोंद व्हावी आणि मगच तो बदलावा. तारखेचं लचांड नको. खोलीची किल्ली कालनिर्णयच्या मागून हलवावी. हे तीन ठराव एकमतानं मंजूर झाले आणि, आश्चर्य म्हणजे, अमलातही आले. चौथा ठराव 'विषय विचाराधीन' म्हणून राखून ठेवलाय. तो असा : पतसंस्था असो, बँक असो की सरकारी कचेरी असो, कॉम्प्युटर अडला तर माणसाकडे खुलासा मागण्याआधी तो यंत्राकडे मागावा. यंत्र खुलासा लिहून तयार असतं. त्याला चोवीस तासांची मुदत लागत नाही आणि त्याला रडूही येत नाही.